पिन बसली म्हणजे चालतंच असं नाही!

दिवाळीला घरी गेलात की एकदा माळ्यावर नजर टाका. नाहीतर बाबांच्या टेबलाखाली. एक मॉनिटर नक्की सापडेल. क्रोशाचं कव्हर घातलेला, मागे निळी पिन लोंबणारा, 'चालू आहे म्हणून टाकवत नाही' या कॅटेगरीतला. एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये ज्याच्यासमोर बसून आपण माउस धरायला शिकलो, त्याचाच भाऊबंद. आणि इकडे तुमच्या फ्लॅटवर टीव्हीखाली एक जुना प्लेस्टेशन धूळ खात पडलेला असेल, कारण तुम्ही नवीन घेतलाय. (नसेल घेतला तर आधीचा ईएमआय संपायची वाट बघत असाल!)

या दोघांची जोडी जमते. खर्च साधारण पाचशे रुपये. फक्त मधला माणूस, म्हणजे ॲडॅप्टर, योग्य हवा.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? चुकला तर संध्याकाळी जाऊन बदलून आणू. पुण्यात तापकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, नागपूरकरांना सीताबर्डी आहे. पण मी ही जोडी जमवली अहेरीत. दक्षिण गडचिरोलीत, प्राणहितेच्या बाजूला. हा जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे. अहेरीहून चंद्रपूरचा बाजार शंभरावर किलोमीटर लांब. तिथे चुकीची वायर घेऊन पोचलात तर वायर बदलून येईपर्यंत तुमची रजा संपलेली असते. त्यामुळे जे काही डोकं लावायचं ते निघायच्या आधी लावायचं, हे माझ्यापुरतं पक्कं ठरलं होतं.

टीव्ही आजीचा!

माझी मोठी ताई लग्नानंतर अहेरीचीच झाली. ती नर्स. भाऊजींचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. भाचा नववीत. दोन वर्षांपूर्वी ताईच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि घरातला एकुलता एक टीव्ही त्यांच्या खाटेसमोर गेला. तो तिथून हलणार नाही, आणि कुणी हलवूही नये. दिवसभर एका खोलीत पडून राहणाऱ्या बाईला दुसरं आहे काय?

पण टीव्हीबरोबर भाच्याचीही ड्युटी लागली. ताई दवाखान्यात, भाऊजी दुकानात, त्यामुळे शाळा सुटली की आजीजवळ थांबायचं काम त्याचं. मैदान बंद. आणि मैदानावर न दिसणाऱ्या मुलाला मित्र किती दिवस हाक मारतील? ताई फोनवर म्हणाली, "चिडचिड नाही करत गं तो, त्याचंच जास्त वाईट वाटते. चुपचाप बसून मोबाइल पाहत राहते."

मी दुसरा टीव्ही पाठवते म्हटलं तर ताई ऐकेना. "तू काहून खर्च करतं? आधीच औषधपाण्याचं तुझ्याच डोक्यावर टाकलं आहे." ताई एकदा नाही म्हणाली की विषय संपतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण भाऊजींकडे मॉनिटर होता. गावातला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा त्यांनी दोन उचलले होते. सतरा इंची, चौकोनी, एलसीडी. माझ्याकडे प्लेस्टेशन ४ होता आणि त्यावर टीव्हीइतका पैसा जाणार नव्हता, म्हणून ताईही काही बोलली नाही. ठरलं!

भाऊजी उत्साही माणूस. मी निघायच्या आधीच ते कामानिमित्त चंद्रपूरला जाऊन आले आणि एका दुकानातून ॲडॅप्टर घेऊनच परतले. व्हॉट्सॲपवर फोटो आला.

"भाऊजी, मॉनिटरला बसते का बघितलं?"

"बसते ना! दुकानवाला बोलला, पिन बसली म्हणजे चालते."

मी फोटो झूम केला. ॲडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरात छापलं होतं, 'व्हीजीए टू एचडीएमआय'. आम्हाला हवा होता बरोब्बर उलटा.

निळी पिन, काळी पिन

गंमत बघा. तो ॲडॅप्टर मॉनिटरच्या मागे खरंच छान बसत होता. त्याच्या दुसऱ्या तोंडात एचडीएमआयची वायरही बसत होती. सगळं जागच्या जागी, आणि चित्र मात्र शून्य! दुकानदार खोटं बोलला नव्हता, पिन बसतच होती.

व्हीजीए ही निळी पिन आयबीएमने १९८७ मध्ये आणली, आपल्या पीएस/२ नावाच्या कॉम्प्युटरबरोबर. (हो, पीएस टूच! सोनीचा पीएस टू यायला तेव्हा तेरा वर्षं बाकी होती.) पाच-पाचच्या तीन रांगा, एकूण पंधरा पिना. त्यातली नववी पुष्कळदा मुळातच नसते, तेव्हा 'तुटकी दिली' म्हणून कुणाशी भांडू नका. या पिनांमधून लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग तीन वेगळ्या तारांनी जातात. तारेतला दाब शून्य ते ०.७ व्होल्टमध्ये जितका वर-खाली होईल तितका तो रंग उजळ किंवा फिका. आणखी दोन तारा सांगतात की ओळ कुठे संपली आणि पडदा कुठे संपला. बस्स, एवढंच. एचडीएमआयचं पहिलं स्पेसिफिकेशन आलं डिसेंबर २००२ मध्ये, आणि त्यात सगळा आकड्यांचा कारभार. चित्र आकड्यांत, आवाजही आकड्यांत, एकाच वायरीतून.

गाण्याच्या भाषेत सांगायचं तर एचडीएमआय म्हणजे कागदावर लिहिलेलं नोटेशन आणि व्हीजीए म्हणजे प्रत्यक्ष सूर. आपल्या जुन्या मॉनिटरला वाचता येत नाही, फक्त ऐकू येतं. म्हणून मधे कुणीतरी नोटेशन वाचून गाणारा लागतो. 'एचडीएमआय टू व्हीजीए' ॲडॅप्टरमधली चिप हेच करते. भाऊजींनी आणलेला इसम ऐकून नोटेशन लिहिणारा होता. तोही हुशारच, पण त्याला गायला सांगितलं तर तो गप्प बसणार. ॲडॅप्टर हा वन-वे रस्ता आहे. कुठून कुठे, ते नावात ज्या क्रमाने लिहिलेलं असतं तसंच वाचायचं.

याहून वाईट प्रकार म्हणजे फुटपाथवर मिळणारी साधी वायर. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला व्हीजीए, मधे चिप वगैरे काही नाही. तिच्यात गाणाराच नाही, तर गाणं कुठून येणार? पिवळी-पांढरी-लाल पिन एका बाजूला आणि निळी पिन दुसऱ्या बाजूला, अशीही वायर मिळते. तीही अशीच.

आता खरेदी. माझ्या मते शे-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही. ॲडॅप्टर घेताना त्याच्या कडेला दोन छोटी भोकं आहेत का बघा. एक आवाजाचं, म्हणजे आपला नेहमीचा हेडफोनचा जॅक. कारण व्हीजीएमधून आवाज जातच नाही. तो ॲडॅप्टरमधूनच वेगळा काढून कॉम्प्युटरच्या जुन्या स्पीकरला द्यावा लागतो. ब्लूटूथ स्पीकर जोडू म्हणाल तर प्लेस्टेशन ४ तो थेट घेत नाही, आणि ५ सुद्धा घेत नाही. त्या स्पीकरला ऑक्सचं भोक असेल तर वायरने जोडा, उत्तम चालतो. अगदीच काही नसेल तर कंट्रोलरला हेडफोन लावता येतो, पण मग दोघं खेळताना मजा एकट्याचीच.

दुसरं भोक पॉवरचं. ॲडॅप्टर एचडीएमआयच्या वायरीतूनच पाच व्होल्ट खेचून चालतो, पण त्या पिनमधून फार थोड्या करंटची हमी असते. ॲडॅप्टर जास्त मागायला लागला की चित्र दर दोन मिनिटांनी डोळा मारतं. पॉवरचं भोक असेल तर यूएसबीची वायर प्लेस्टेशनच्याच यूएसबीत खोचायची. विषय संपला.

आणि तुमच्या मॉनिटरला निळ्याबरोबर पांढरी, रुंद डीव्हीआय पिन असेल, तर तुम्ही लकी! तिच्यात डिजिटल आकडेच जातात, त्यामुळे एचडीएमआय टू डीव्हीआय ही बिनचिपेची साधी वायर चालते. आवाज तेवढा वेगळा काढावा लागेल.

पीएस टू वाल्यांसाठी

कपाटात प्लेस्टेशन २ आहे? मग तुमचं प्रकरण वेगळं. त्याच्यातून निघतो टीव्हीचा सिग्नल. टीव्हीचा पडदा सेकंदाला साधारण १५,७०० ओळी रंगवतो. कॉम्प्युटरच्या मॉनिटरची सुरुवातच ३१,५०० पासून होते. म्हणजे जवळपास दुप्पट. नुसती पिन बदलून हा हिशेब कसा जुळेल? सोनीने २००२ मध्ये पीएस टूसाठी लिनक्स किट काढलं होतं, त्यात व्हीजीएची वायरसुद्धा होती, पण तिलाही ठरावीक प्रकारचेच मॉनिटर चालायचे.

आपल्याकडे याचं देशी उत्तर होतं टीव्ही ट्यूनर बॉक्स. आठवतोय? मागे केबलवाल्याची वायर, पुढे पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना, बाहेर निघणार निळी पिन आणि सोबत रिमोट. नागपूरच्या आमच्या हॉस्टेलवर एकीकडे असा बॉक्स होता, तर तिच्या खोलीला अख्ख्या मजल्याचा पत्ता मिळाला होता! २४ सप्टेंबर २००७ ची ती जोहान्सबर्गची टी-ट्वेंटी फायनल आम्ही बावीस जणींनी एका सतरा इंची मॉनिटरवर पाहिली. मॅच नसेल त्या रात्री त्याच बॉक्सला पीएस टू लागायचा. बॉक्स आतल्या आत ओळी दुप्पट करून मॉनिटरला द्यायचा. आज 'एव्ही टू व्हीजीए' नावाने मिळणारा डबा हेच काम करतो. फक्त त्याला हिशेब करायला वेळ लागतो, त्यामुळे बटण दाबल्यावर किंचित उशिराने बॅट फिरते. एचडीएमआयवाल्या ॲडॅप्टरमध्ये हा त्रास जवळपास नाहीच.

मॉनिटर जुना, पोटवाला सीआरटी असेल तर त्यालाही निळी पिन चालते आणि त्याच्यासारखं चपळ चित्र एलसीडीला जमत नाही. पण बिघडला तर मागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत जिवावर बेतेल इतका दाब शिल्लक राहू शकतो. आणि लहानपणची बदकं मारायची बंदूक बाहेर काढली असेल तर ती परत ठेवा. तिला जुना टीव्हीच लागतो.

पुण्यातच उरका!

हे सगळं ठीक. पण माझ्या मते खरी मेख दुसरीच आहे, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. प्लेस्टेशन चित्रावर एचडीसीपी नावाचं कुलूप लावून पाठवतो. सिनेमे कॉपी होऊ नयेत म्हणून. जुन्या मॉनिटरकडे त्याची किल्ली नसते. काही ॲडॅप्टर ते कुलूप उघडतात, काही नाही. नाही उघडलं तर पडदा काळा. प्लेस्टेशन ४ मध्ये हे कुलूप बंद करता येतं. सेटिंग्ज, सिस्टीम, एनेबल एचडीसीपी, तिथली टिक काढायची. (ओटीटीवाले मग चालणार नाहीत, गेमला काही होत नाही. प्लेस्टेशन ५ मध्येही ही सोय आहे. प्लेस्टेशन ३ मध्ये नाही, तिथे सगळं ॲडॅप्टरच्या मर्जीवर.) आता विचार करा. पडदा काळा असेल तर ती टिक तुम्ही कुठे बघून काढणार? म्हणून ती काढायची आपल्या फ्लॅटवरच्या चालू टीव्हीवर, निघण्याच्या आदल्या रात्री.

त्याच रात्री रिझोल्यूशन ७२० वर आणून ठेवलं. आवाज 'लिनिअर पीसीएम' वर. क्रिकेट आणि फुटबॉलच्या डिस्क घेतल्या, डाउनलोड नाही, आणि त्यांचे अपडेट इथल्याच वायफायवर भरून टाकले. एकेक अपडेट काही जीबींचं असतं. ते तिकडच्या मोबाइल नेटवर उतरवायचं म्हणजे भाच्याची बोर्डाची परीक्षा आली असती.

मग नागपूर, चंद्रपूर, आणि पुढे लालपरी. बल्लारपूर, गोंडपिपरी, वैनगंगा ओलांडून आष्टी, पुढे सागवानाचं आलापल्ली. मांडीवर प्लेस्टेशन. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, "मिक्सर व्हय का?" तिसऱ्यांदा मी हो म्हटलं.

आणि चित्र आलं...

भाऊजींनी मॉनिटर आजीच्या खोलीतच, खिडकीजवळच्या टेबलावर मांडला. ही ताईची आयडिया. पोराला आजीजवळून उठायलाच नको. वायर, ॲडॅप्टर, यूएसबी, स्पीकर. बटण. दोन सेकंद काळोख. भाचा पुटपुटला, "मावशी, काही दिसूनच नाही राहिलं..." आणि निळा पडदा उजळला.

चौकोनी मॉनिटरचा हिशेब १२८० बाय १०२४. गेमचं चित्र रुंद. मॉनिटर ते उभं ताणून आपल्यात बसवतो. काही मॉनिटरच्या मेनूत हे प्रमाण दुरुस्त करायची सोय असते, या मॉनिटरला नव्हती. त्यामुळे सगळे बॅट्समन ताडोबातल्या बांबूसारखे उंच. स्कोअरची बारीक अक्षरं वाचायला जरा पुढे वाकावं लागत होतं. भाच्याला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. पहिल्या संध्याकाळी एक मित्र आला, दुसऱ्या संध्याकाळी चार. दोनच कंट्रोलर, म्हणून आउट झालेल्याने उठायचं असा नियम निघाला. तिसऱ्या दिवशी आजीने स्वतःची सिरियल म्यूट करायला लावली आणि मान वळवून विचारलं, "हे मानसं एवढे उच्चे काहून दिसून रायले रे?" झटक्यानंतर त्या एवढं लांब वाक्य क्वचितच बोलतात. ताई दारात उभी होती. ती काही बोलली नाही, चहा टाकायला आत गेली.

एक गोष्ट मात्र लागलीच. लाईट! चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं, राज्यातल्या सगळ्यात मोठ्या केंद्रांपैकी एक. आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात, पाऊस-वाऱ्यात संध्याकाळी वीज कधी जाईल याचा नेम नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. प्लेस्टेशन असा अचानक बंद पडला की पुढच्या वेळी आधी स्टोरेज तपासत बसतो, आणि हे वारंवार होणं डिस्कला बरं नाही. भाऊजींच्या दुकानात कॉम्प्युटरचा जुना यूपीएस होता, तो लावला. चार-पाच मिनिटं मिळतात. ओव्हर पूर्ण होते आणि नीट बंद करता येतं.

मी पुण्याला परतल्यावर तीन आठवड्यांनी भाच्याचा फोन. आवाज रडकुंडीला आलेला.

"मावशी, बंद पडला तो. 'आउट ऑफ रेंज' लिहून येऊन राह्यलं."

मी म्हटलं, "अरे, अभिनंदन!"

कारण बघा, मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणाला तर त्याच्यापर्यंत काही पोचतच नाहीये. वायर, ॲडॅप्टर, पॉवर तपासा. पण 'आउट ऑफ रेंज' म्हणाला तर सिग्नल व्यवस्थित पोचलाय, फक्त त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. चौकशीअंती कळलं, रविवारी ताईला सुट्टी होती म्हणून पठ्ठ्या प्लेस्टेशन घेऊन मित्राकडे गेला होता. तिथे मोठा टीव्ही. तिथे १०८० करून खेळले आणि तसाच घरी आणला.

मग फोनवरच. प्लेस्टेशन पूर्ण बंद कर. कंट्रोलर वायरने जोड. आता पॉवरचं बटण दाबून धर, सोडू नकोस. एक बीप होईल, तरी सोडू नको. सातेक सेकंदांनी दुसरा बीप झाला की सोड. याला सेफ मोड म्हणतात. यात कन्सोल अगदी साधं चित्र पाठवतो, ते जुना मॉनिटरही दाखवतो. मेनूतून रिझोल्यूशन बदलायचा पर्याय घे आणि ७२० कर. मधे दोनदा रेंज गेली, दोनदा पुन्हा फोन. शेवटी पलीकडून आधी स्पीकरमधला स्टेडियमचा गलका ऐकू आला आणि मग त्याचा आवाज, "आला आला आला!"

डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि इतर मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत व्हीजीए गुंडाळायची घोषणा केली होती. भाच्याच्या शाळेतल्या प्रोजेक्टरला ते कुणी कळवलेलं नाही. त्याला मागे निळी पिनच आहे, आणि सरांच्या नव्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. भाच्याने वर्गात हात वर करून सांगितलं की माझ्याकडे यावर इलाज आहे. सरांनी ॲडॅप्टर दोन दिवसांसाठी नेला. त्याला आता सोळा दिवस झाले. काल ऑफिसमधून येताना मी दुसरा घेतलाय. दोन भोकांचा, बाण बघून. परवा पार्सल करतेय.